ऑफिसातच डिजिटल प्रिंटिंग सुरू करायचंय, मशीन कुठलं घ्यावं?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमची प्रशिक्षण संस्था आहे, छपाई सगळी बाहेरून करून घेतो. कोर्सची मॅन्युअलं (४०-५० पानी, मधे पिना मारलेली), सर्टिफिकेटं, हँडआउट, अधूनमधून पोस्टर, आणि प्रश्नपत्रिका. त्रास असा की शेवटच्या क्षणी कोणीतरी एक पान बदलतं आणि तोवर पाचशे प्रती छापून झालेल्या असतात. जुन्या आवृत्त्यांचे गठ्ठे जिन्याखाली इतके साठलेत की झाडू ठेवायला जागा नाही. तर साहेबांनी ठरवलं की छपाई घरात आणायची, आणि काम आलं माझ्या गळ्यात, कारण काय तर एकदा ऑफिसच्या प्रिंटरमधे अडकलेला कागद मी काढला होता.

तीन कोटेशनं आलीयत. एक म्हणतो मिनिटाला ८० पानं, दुसरा ७०, तिसरा इंकजेट घ्या म्हणतोय. खोली आहे एक, सध्या अडगळ भरलीय. कुठलं मशीन घेऊ?

फटाफट
८० वालं घ्या. नंतर काम वाढतं तेव्हा पश्चात्ताप होतो. विषय संपला.

शाईचे_हात
विषय संपला नाही, सुरूही झाला नाहीये अजून.

कोरा_कागद, मी आधी ऑफसेटवर (प्लेट लावून होणारी छपाई) आणि आता डिजिटलवर अशी बरीच वर्षं काढलीत, आणि लोक पहिली चूक हीच करतात की आधी मशीन आणतात आणि मग त्यावर काय छापायचं ते बघतात. तुम्ही एक वही घाला. महिनाभर, जमलं तर दोन महिने, जे काही छापून येतंय ते लिहा. काम काय, किती प्रती, किती पानं, साइज, कागद किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे किती जाड), काळं का रंगीत, एका बाजूला का दोन्ही, छापल्यावर त्याचं काय होतं (घडी, पिना, कटिंग, लॅमिनेशन), आणि कधी सांगितलं कधी हवं होतं. हा शेवटचा रकाना विसरू नका, घरात छपाई आणायचं खरं कारण बहुतेक तिथेच सापडतं.

आता ते ८० पानांचं. तो आकडा ए-४ चा, साध्या कागदावरचा, एका बाजूचा असतो. तुमचं ४८ पानी ए-४ मॅन्युअल मधे पिना मारून करायचं तर ते ए-३ वर छापलं जाणार, एका प्रतीला १२ शीट, दोन्ही बाजू धरून २४ इम्प्रेशन (छापलेल्या बाजू). २०० प्रती म्हणजे २४०० शीट, ४८०० इम्प्रेशन. ए-३ ला वेग साधारण निम्म्यावर येतो, ४० धरा, म्हणजे नुसतं छापायलाच दोन तास. त्यात जाड कागद असला की मशीन अजून मंदावतं, ट्रे भरायला थांबायचं, एखादा जाम. अर्धा दिवस गेला समजा. आणि हो, २४०० शीट म्हणजे जवळजवळ पाच रीम, ८० जीएसएमची ए-३ रीम पाच किलोची, २५ किलो कागद उचलून ट्रेमधे घालणारा माणूस पण लागतो, ते कोटेशनमधे नसतं.

दुसरा फसवा आकडा म्हणजे ड्यूटी सायकल. ब्रोशरमधे महिन्याला अमुक लाख पानं असं लिहितात, ती मशीनची परमावधी असते, रोजचा रतीब नव्हे. त्याच्याच खाली बारीक अक्षरात ‘शिफारस केलेलं मासिक व्हॉल्यूम’ असतं ते कितीतरी कमी असतं. तुमच्या वहीतला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

कोरा_कागद
वही घालतो. आजच घालतो. पण साहेबांना महिनाभर थांबा कसं सांगू?

हिशोबनीस
साहेबांना सांगा की पाच वर्षांच्या करारावर सही करायच्या आधी चार आठवडे मागतोय, ऐकतील.

मी हिशोबाच्या बाजूने बोलतो. मशीनची किंमत हा खर्चाचा छोटा भाग, खरा खर्च क्लिकचा. क्लिक म्हणजे मशीनवर एक बाजू छापली की एकदा मीटर पडतो. बऱ्याच करारांत ए-३ ला दोन क्लिक लावतात, म्हणजे शाईचे_हात यांच्या उदाहरणातल्या ४८०० चे ९६०० झाले. सही करायच्या आधी ए-३ कसा मोजता हे लेखी घ्या. क्लिकमधे टोनर (लेझर मशीनची छपाईची पूड) आहे का, ड्रम (ज्यावर आधी चित्र उमटतं), फ्यूझर (पूड तापवून कागदावर बसवणारा), ट्रान्सफर बेल्ट (चित्र कागदापर्यंत नेणारा पट्टा) आहे का, का ते वेगळं बिल. महिन्याला किमान क्लिकची अट आहे का, नाही छापलं तरी पैसे द्यावे लागतात का, मे महिन्यात कोर्स नसले तर काय. जाममुळे वाया गेलेल्याचं काय. बिघाड झाल्यावर माणूस किती तासात येणार, आणि ‘येणार’ म्हणजे फोन उचलणार का खरंच मशीनपाशी उभा राहणार.

टोनर वेगळा घ्यायचा असेल तर डब्यावरचं ‘इतकी पानं’ हे दर रंगाला ५ टक्के कव्हरेज धरून असतं. ५ टक्के म्हणजे साधं पत्र. पूर्ण पानभर निळी पार्श्वभूमी टाकलीत तर तो डबा डोळ्यादेखत संपतो.

आणि सगळंच घरात आणू नका. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च एकदाच होतो, पुढे प्रत स्वस्त. डिजिटलला सुरुवातीचा खर्च जवळजवळ नाही पण पहिल्या प्रतीचा आणि हजाराव्या प्रतीचा भाव तोच. ऑफसेटच्या त्या एकरकमी खर्चाला दोन्हीकडच्या दर-प्रत फरकाने भागा, जो आकडा येईल त्याच्या खालचं काम घरात, वरचं बाहेर. तुमचे आकडे घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दमट_खोली
खोलीबद्दल कोणीच बोललं नाही अजून, म्हणून मी बोलते, माझं नावच त्यावरून पडलंय.

आमच्याकडे मशीन आलं तेव्हा ट्रक खाली उभा आणि मशीन लिफ्टमधे बसेना. रुंदी सगळ्यांनी मोजली होती पण खोक्यासकट नाही आणि लिफ्टच्या दाराची तर नाहीच. मशीन उघडून दोन तुकड्यांत वर नेलं, दिवस गेला. तर दार, लिफ्ट, वळण, सगळं टेप घेऊन मोजा. वजन कित्येक शे किलो असतं, वरच्या मजल्यावर असाल तर जमीन ते पेलेल का हे विचारून घ्या. चारी बाजूंनी जागा सोडा, मागचं दार उघडून माणूस बसेल इतकी, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला मशीन ओढावं लागतं आणि लेव्हल बिघडते.

वीज. स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग. फ्यूझर तापताना एकदम करंट ओढतो म्हणून ऑफिसच्या साध्या यूपीएसवर मशीन लावू नका, तो बिचारा दर वेळी आडवा होतो. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि सर्व्हर, मशीनला कंपनी सांगेल तसा स्टॅबिलायझर.

आणि हवा. कागदाला हवेतला ओलावा फार पटकन कळतो, आपल्या आधी. ओलावा चढला की शीटच्या कडा लाटांसारख्या होतात, वळतात, जाम होतात. हवा कोरडी पडली की स्टॅटिक (स्थिर वीज), दोन-दोन शीट चिकटून आत जातात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान २० ते २४ अंश राहिलं तर मशीन शहाण्यासारखं वागतं. भिंतीवर एक हायग्रोमीटर (आर्द्रता दाखवणारा) लावा. कागदाच्या रीम जमिनीवर ठेवायच्या नाहीत, भिंतीला टेकवायच्या नाहीत, आणि दुसऱ्या खोलीतून आणलेली रीम एक दिवस तरी मशीनच्या खोलीत वेष्टनासकट पडू द्यायची, मगच फोडायची. अर्धी उरली की परत गुंडाळायची. आमच्याकडे पहिले सहा महिने सगळे मशीनला शिव्या घालत होते, गुन्हेगार होती खिडकीखाली उघडी पडलेली रीम.

खोलीला हवा खेळती हवी, लेझर मशीनमधून थोडा ओझोन येतो. टोनर सांडला तर घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ती पूड इतकी बारीक असते की फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर उडते, आणि बारीक पूड मोटरच्या ठिणगीजवळ जाणं बरंही नाही. टोनरसाठीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो. हाताला लागला तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

कोरा_कागद
बापरे. ताई, मी खिडकीखालीच रॅक लावणार होतो.

इंकजेटचं काय मग? तिसरे गृहस्थ फार मागे लागलेत, वीज कमी लागते म्हणतात.

फटाफट
इंकजेट नको. ओलं होतं.

शाईचे_हात
इतकं सरळ नाहीये फटाफटराव. इंकजेटला फ्यूझर नाही म्हणजे उष्णता नाही, वीज खरंच कमी लागते, साध्या कागदावर भरपूर पानं सतत छापायची असतील तर चांगलं काम करतं. पण ते सतत चालू राहायला हवं, चार दिवस गप्प बसलं की नोझल सुकतात आणि ते साफ करण्यात शाई जाते. आणि गुळगुळीत कोटेड कागदावर शाई नीट बसायला कागदच त्यासाठी बनवलेला लागतो. टोनरवर जास्त प्रकारचे कागद चालतात. तुमच्याकडे आज हँडआउट, उद्या ३०० जीएसएमचं सर्टिफिकेट, परवा काहीच नाही, असं दिसतंय. मी टोनरच म्हणेन. वही काय म्हणते ते बघू.

फक्त टोनरमधेही फ्यूझर १८०-२०० अंशांपर्यंत तापतो हे डोक्यात ठेवा. लेझरसाठी नसलेली प्लॅस्टिक शीट आत गेली की ती रोलरला गुंडाळून बसते. आधी छापलेलं लेटरहेडसुद्धा, त्याची शाई उष्णता सोसणारी नसेल तर ती उचलून रोलरवर जाते आणि पुढच्या पन्नास शीटवर भूत होऊन उमटते.

जोडाक्षर
मी फाइली बनवतो, तर फाइलींबद्दल लिहितो, कारण मशीन कितीही भारी आणलं तरी त्यात जातं ते आपलंच.

सर्टिफिकेटं म्हणालात ना, म्हणजे नावं एक्सेलमधून येणार आणि डिझाइन एकच, याला व्हेरिएबल डेटा म्हणतात. इंग्रजीत काही अडचण नाही. मराठीत पहिल्या दिवशी रडायला येतं. युनिकोडमधे ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी अशी साठवलेली असते, पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. ते ज्याला येत नाही ते सॉफ्टवेअर किशोरचा ‘कशिोर’ करतं. ज्योतीचा पाय मोडून ज् योती, वर्षाचा रफार खाली पडून वर् षा. मी एकदा साडेतीनशे सर्टिफिकेटं अशी छापलेली पाहिलीत, प्रूफ (आधी तपासायची प्रत) म्हणून कोणीतरी पहिलं नाव तेवढं बघितलं होतं आणि ते होतं ‘आशा पवार’. त्यात ना ऱ्हस्व वेलांटी ना जोडाक्षर, चुकायला काही जागाच नाही.

म्हणून मी एक चाचणी यादी ठेवलीय. किशोर, ज्योती, वर्षा, क्षितिजा, कृष्णा, प्रज्ञा, श्रद्धा, ऋत्विक, आणि ‘गोऱ्हे’ आडनाव. एवढी नीट आली तर बाकीची येतात. इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला आहे ना बघा, आणि भाषा मराठी निवडा, कारण फाँटमधे सोय असेल तर आपला ल आणि आपला श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा.

जुनी मॅन्युअलं जुन्या नॉन-युनिकोड फाँटात असतील तर वेगळीच गंमत. तिथे देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, तो फाँट मशीनच्या कॉम्प्युटरवर नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. पीडीएफ करताना सगळे फाँट एम्बेड करा आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन खरंच झालेत का बघा. वर्डची फाइल मशीनला कधीच द्यायची नाही. पीडीएफ, शक्यतो पीडीएफ/एक्स-४ (खास छपाईसाठीचा प्रकार).

एक्सेलची अजून एक खोड, सर्टिफिकेट नंबर ०००१ टाकलात की तो १ करून टाकतो. तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा.

बाकी नेहमीचं. कडेपर्यंत रंग जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जास्तीचा रंग), फोटो छापायच्या साइजला ३०० डीपीआय, आणि मेसेजमधून आलेला लोगो वापरायचा नाही, मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागायची. कोणाकडे ती नसते हे मला माहितीय. तरी मागायची.

शाईचे_हात
ब्लीडवरून आठवलं, मशीन एसआरए-३ कागद घेतं का हे विचारा. तो ३२० बाय ४५० मिमी असतो, ए-३ पेक्षा थोडा मोठा, म्हणजे ए-३ चं काम ब्लीड आणि कटिंगच्या खुणांसकट त्यावर बसतं. नुसतं ए-३ घेणारं मशीन आणलंत तर कडेपर्यंत छापलेलं कव्हर तुम्हाला कधीच नीट करता येणार नाही. खरं तर कोटेशनांतल्या सगळ्या आकड्यांत मी हा आधी बघितला असता.

रंगाबद्दल थोडं. ‘स्क्रीनवर वेगळा दिसत होता’ हे वाक्य तुम्ही आता आयुष्यभर ऐकणार. स्क्रीन उजेड फेकते, कागद परतवतो, शिवाय स्क्रीनवरचे भडक हिरवे-निळे सीएमवायकेमधे (छपाईच्या चार रंगांत) येतच नाहीत. इलाज एकच, लोगोचा रंग आपल्या मशीनवर, आपल्या कागदावर छापून साहेबांची त्याच्यावर सही घ्यायची आणि ते पान अंधारात फाइलला लावून ठेवायचं. पुढचं भांडण त्या पानाशी. आणि रंग बघताना ट्यूबलाइटखाली नाही, ५००० केल्विनच्या दिव्याखाली.

मशीन सकाळी चालू केल्या केल्या कॅलिब्रेट करू नका. थोडी पानं जाऊ द्या, तापू द्या, मग चार्ट छापून स्पेक्ट्रोने (रंग मोजायच्या उपकरणाने) वाचा. ज्या कागदावर काम आहे त्याच प्रकारच्या कागदावर. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनला रोज जागेवर आणणं आणि प्रोफाइल म्हणजे जागेवर आलेलं मशीन त्या कागदावर कसा रंग देतं त्याची नोंद, लोक दोन्हीची खिचडी करतात. मशीन जागेवर नसेल तर प्रोफाइलचा काही उपयोग नाही.

बारीक मजकूर फक्त काळ्यात ठेवा, चारी रंग मिसळलेल्या काळ्यात नको. रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं तरी अक्षरांना रंगीत झालर लागते.

कातरकाम
सगळे छापण्यावरच बोलताय. छापून झाल्यावर काय करणार आहात?

मी बायंडिंगवाला. आमच्याकडे ऑफिसांतून लोक छापलेले गठ्ठे घेऊन येतात, ‘तेवढ्या घड्या घालून द्या’. बघतो तर ग्रेन उलटा. कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात, घडी त्या दिशेने घातली तर गुळगुळीत पडते, आडवी घातली तर तडकते, आणि वर टोनर असेल तर घडीवर पांढरी रेघ दिसते, कारण टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. ग्रेन ओळखायला काही यंत्र लागत नाही. कागदाचा चौकोनी तुकडा घ्या, एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती गुंडाळी घेतो तो ग्रेन. किंवा दोन्ही दिशांनी फाडा, सरळ फाटला तो ग्रेनबरोबर, वाकडातिकडा फाटला तो आडवा. ए-३ शीट मधे दुमडून ए-४ पुस्तिका करायची असेल तर ग्रेन छोट्या बाजूला समांतर हवा, म्हणजे शॉर्ट ग्रेन मागावा लागतो, आणि सरसकट मिळणारा ए-३ बऱ्याचदा लाँग ग्रेन निघतो. ८० जीएसएमला खपून जातं. कव्हरला नाही.

१७०-२०० जीएसएमच्या पुढे आधी क्रीझ (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच), मग घडी. क्रीझिंग मशीन छोटंसं येतं, पण त्याच्याशिवाय कव्हर करू नका.

४८ पानांच्या पुस्तिकेत १२ शीट एकात एक बसतात, कागद ०.१ मिमीचा धरला तरी सगळ्यात आतलं पान बाहेरच्यापेक्षा मिलिमीटरभर पुढे येतं. कडा कापली की आतल्या पानांचा समास कमी दिसतो. इम्पोझिशन सॉफ्टवेअरमधे (पानं शीटवर जुळवणाऱ्या) क्रीप नावाची सोय असते ती चालू करा. पानांची संख्या चारने भागली जाते ना ते आधी बघा, ४६ पानं घेऊन आलेल्याला मी दोन कोरी पानं कुठे टाकू ते विचारतो आणि तो माझ्याकडे बघत राहतो.

कटिंग मशीन घ्याल तर दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही असंच घ्या. समोर सेन्सर असलेलं. यात काटकसर नको. मी बोटं गेलेली पाहिलीत.

लॅमिनेशन करणार असाल तर डिजिटलसाठीची जास्त पकडीची फिल्म मागा, साधी टोनरवर धरत नाही, आठवड्याने सुटते.

बाहेरचाच_बरा
हे सगळं वाचून मला एकच कळलं, बाहेरून करून घ्या. एक पान बदललं म्हणून कोणी कारखाना काढतं का? आमच्या ऑफिसने असाच हौसेने काढला होता, ज्याला चालवता यायचं तो सोडून गेला, आता मशीनवर कुंड्या ठेवल्यात.

हिशोबनीस
कुंड्यांचं वाईट वाटलं, पण मुद्दा बरोबर आहे. म्हणून दोन माणसं शिकवा, एक नाही. आणि त्यांचं ते मुख्य काम असू द्या, ‘जरा वेळ मिळाला की छाप रे’ असं नको. दर कामाला एक जॉब तिकीट, कागदाचा चिटोरा चालेल, त्यावर प्रती, कागद, फिनिशिंग, कधी हवंय, आणि प्रूफवर मागणाऱ्याची सही. सही नाही तर रन नाही, साहेब असले तरी. साहेब असले तर विशेषकरून.

प्रश्नपत्रिका आहेत म्हणून सांगतो, मशीनच्या हार्ड डिस्कवर छापलेल्या फाइली राहू शकतात. एन्क्रिप्शन आणि पुसून टाकायची सेटिंगं चालू करा, मशीन परत देताना डिस्क पुसल्याचं लेखी घ्या. प्रश्नपत्रिका पिन टाकल्यावरच छापल्या जातील अशी लावा. आणि जाममधून काढलेली शीट श्रेडरमधे, टेबलाखालच्या टोपलीत नाही. पेपर फुटतात ते टोपलीतून.

कोरा_कागद
मंडळी, पाच महिन्यांनी परत येतोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमा.

वही दोन महिने घातली. त्यात निघालं काय, तर आमची दर दहातली आठ-नऊ पानं नुसती काळी. रंगीत म्हणजे कव्हरं आणि सर्टिफिकेटं. पोस्टर महिन्याला दोन, ते बाहेरच राहू दिले. आणि दोन दिवस शेजारच्या संस्थेच्या मशीनवर एक खरं मॅन्युअल चालवून बघितलं, तर छापायला दुपार गेली आणि घड्या घालून पिना मारायला आम्ही तिघं दीड दिवस बसलो. तेव्हा ८० वालं रंगीत रद्द केलं, मधल्या वेगाचं काळं मशीन घेतलं त्याला पुस्तिका दुमडून पिना मारणारं युनिट जोडलेलं, आणि रंगीत लहान, पण एसआरए-३ घेणारं. उरलेल्यात कटिंग मशीन (दोन बटणांचं, कातरकामदादा) आणि क्रीझर. रॅक खिडकीपासून लांब.

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक तर काळं मशीन बंद पडलं होतं तेव्हा चार दिवस मॅन्युअलं रंगीतवर काढली, फक्त काळी पानं म्हणून. बिल आलं तर सगळे क्लिक रंगीत. हिशोबनीसांना मनात दोन शिव्या घातल्या की हे कसं नाही सांगितलं, मग फाइल उघडून बघितली तर प्रत्येक पानाच्या तळाला आमच्या वेबसाइटची लिंक, वर्डने आपणहून निळी केलेली. एवढीशी निळी ओळ, ४८ पानं, सगळी रंगीत मोजली. आता तळाची ओळ काळी, आणि टेम्प्लेटला कुलूप.

दुसरं, ‘गोऱ्हे’ नावाची खरंच एक बाई निघाली. नाव नीट आलं. जोडाक्षर, तुम्हाला नमस्कार.

आता नवी भानगड. काळ्या मशीनवर कालपासून पानावर एक बारका ठिपका येतोय, एकच नाही, खाली-खाली तीन-चार वेळा त्याच रेषेत. काच पुसली, काही फरक नाही. सर्व्हिसवाला परवा येणार.

शाईचे_हात
काच स्कॅनरची, छपाईशी तिचा संबंध नाही. पट्टी घ्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा.

कोरा_कागद
९४ मिमी. सगळीकडे तेवढंच.

शाईचे_हात
मग कुठला तरी रोलर किंवा ड्रम दर फेऱ्याला तोच ठिपका सोडतोय. ९४ भागिले ३.१४, म्हणजे साधारण ३० मिमी व्यासाचं काहीतरी. मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे कुठल्या रोलरचा घेर किती याचा तक्ता असतो, सर्व्हिसवाल्याला फोनवर ९४ सांगा, तो पार्ट घेऊनच येईल, नाहीतर बघून जाईल आणि परत चार दिवसांनी येईल. ड्रम स्वतः बाहेर काढलात तर काळ्या कापडात झाका, उजेड लागला तर खराब होतो, आणि हात लावू नका.

कोरा_कागद
९४ सांगितल्यावर दोन सेकंद गप्प होता, मग म्हणाला ‘ड्रम’. घेऊन आला. बदलला. करारात होता, वेगळं बिल नाही.

फटाफट
८० वालं घेतलं असतं तर.